आधी पाणी, मग वाट

ट्रेक ठरवायचा म्हटलं की हॉस्टेलमध्ये पहिला प्रश्न येतो, "कोण कोण येणार?" दुसरा, "खर्च किती?" आणि तिसरा, "जेवणाचं काय?" पाण्याचा विषय निघतो तो थेट निघायच्या आदल्या रात्री, आणि तोही "दोन-दोन बाटल्या घ्या रे" एवढ्यावर मिटतो. जुलै ते दिवाळी हे चालून जातं, कारण तेव्हा सह्याद्रीत जिथे बघाल तिथे पाणी असतं. पण आपल्या सुट्ट्या कधी असतात? सबमिशन संपणार मार्चअखेर, ओरल्स एप्रिलमध्ये. म्हणजे आपण डोंगरात जाणार ते नेमके कातळ तापलेले असताना!

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या विंगमधल्या नऊ जणांनी राजगड ते तोरणा ही धारेवरची वाट एका दिवसात करायचं ठरवलं. फायनल इयरवाल्यांची ही शेवटची संधी होती. जूनमध्ये कोण बंगळूरला, कोण हैदराबादला, कोण गावी. त्यामुळे "पावसाळ्यात जाऊ" हा पर्याय नव्हता. जायचं तर आत्ताच, आणि जायचं तर सगळ्यांनी धडधाकट परत यायचं. या ट्रेकचं नियोजन आम्ही पाण्यापासून सुरू केलं. ते कसं केलं, ते या लेखात सांगतो. गड कोणताही असो, पद्धत तीच लागू पडते.

एवढा पाऊस, मग पाणी जातं कुठे?

पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला साडेपाच हजाराच्या वर. राजगड-तोरण्याचा पट्टाही घाटमाथ्याजवळचा, तिथेही पाऊस भरपूर. मग मार्चमध्ये तिथल्या वाड्यांवर बायकांना हंडे घेऊन चालावं का लागतं?

उत्तर पायाखालच्या दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि थंड झाले. तोच आपला बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ. अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते मुरतं ते फटींमध्ये, झिजलेल्या आणि भोकाभोकांच्या थरात, आणि दोन थरांच्या सांध्यात. डोंगराच्या कड्याला आडव्या रेषा दिसतात ना, ते हेच थर. एखाद्या सांध्यातून पाणी बाहेर आलं की तिथे झरा होतो. पण साठा मुळात लहान आणि उतार तीव्र, त्यामुळे पावसाचं बरंचसं पाणी काही तासांत ओढ्यातून खाली निघून जातं. उरलेलं झिरपत राहतं. कुठे ते डिसेंबरपर्यंत पुरतं, कुठे फेब्रुवारीपर्यंत. मोजके झरे बारमाही असतात.

हे आपल्या पूर्वजांना पक्कं ठाऊक होतं. नाणेघाट ही सातवाहनांच्या काळातली व्यापाराची वाट. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्याजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. बैल आणि माणसं घाट चढून आली की त्यांना पाणी लागणार, हे वाट आखणाऱ्याने आधीच धरलं होतं. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या आज्ञापत्रात तर किल्ला बांधण्याआधी पाणी बघा, असंच सांगितलं आहे. पाणी नसेल आणि जागा महत्त्वाची असेल तर आधी खडक फोडून टाकी करा. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून दोन-चार टाकी राखीव ठेवा आणि त्यांना हात लावू नका, असा त्याचा सारांश. आजच्या भाषेत याला 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' म्हणतात. आपण सेकंड इयरला शिकतो आणि ट्रेकला विसरतो.

आता टाक्यांबद्दल थोडं. उघड्या टाक्यातलं पाणी उन्हाने उडतं. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर धरलं तरी ९० दिवसांत ७२ सेंटिमीटर पातळी उतरते, तीही कोणी एक तांब्या न उपसता. खांबटाकं मात्र डोंगराच्या पोटात, खांब सोडून कोरलेलं असतं. त्यावर ऊन पडत नाही, पाणी थंड राहतं आणि जास्त टिकतं. म्हणून गडावर गेल्यावर "टाकं आहे का?" एवढंच विचारू नका. उघडं की झाकलेलं, किती खोल आणि झऱ्याचं की फक्त पावसाचं, हेही विचारा.

पाण्याची यादी: पक्कं, कदाचित, शून्य

आम्ही पहिल्यांदा नकाशा काढला तेव्हा त्यावर वाट काढलीच नाही. आधी फक्त पाण्याच्या जागा मांडल्या. गुंजवणे हे पायथ्याचं गाव. राजगडावर पद्मावती माची. तिथे तलाव आहे आणि पिण्यासाठी मंदिराजवळच्या टाक्यांचं पाणी वापरतात. पुढे संजीवनी माचीवरची टाकी. मग आळू दरवाजातून उतरून लांबलचक धार. धारेवर मध्ये डांबरी रस्ता आडवा जातो, तीच भुतोंडे खिंड. पुढे बुधला माचीकडून तोरण्यावर चढ, मेंगाईच्या देवळाच्या परिसरातली टाकी आणि शेवटी उतरून वेल्हे.

मग प्रत्येक जागेपुढे तीनपैकी एक शेरा मारला.

पक्कं: याच आठवड्यात तिथे जाऊन आलेल्या माणसाने पाणी आहे असं सांगितलंय.
कदाचित: पाणी असतं म्हणतात, पण या महिन्यात कोणी बघितलेलं नाही.
शून्य: आटतं, घाण असतं किंवा सापडणं कठीण.

आणि नियम असा की हिशेबात 'कदाचित'ची किंमत शून्यच धरायची. तिथे पाणी मिळालं तर आनंद, नाही मिळालं तर काही बिघडत नाही.

हे शेरे ठरवायचे कसे? सोपं आहे. फोन करा! गुंजवण्यात ज्यांच्याकडे मुक्काम करणार होतो त्या काकांना दोनदा फोन केला, एकदा पंधरा दिवस आधी आणि एकदा दोन दिवस आधी. फोनवर नेमकं विचारायचं. "पाणी आहे का हो?" असं विचारलं की समोरचा माणूस भलेपणाने "आहे की, या तुम्ही" म्हणतो. "काका, शेवटचं गडावर कधी गेला होता? मंदिराजवळच्या टाक्यात पायऱ्या किती दिसत होत्या?" असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. ऑक्टोबरमध्ये जाऊन आलेल्या सीनियरच्या माहितीचा एप्रिलमध्ये उपयोग नाही. पाण्याच्या माहितीला दुधासारखी तारीख असते.

आमच्या यादीत शेवटी गुंजवणे पक्कं, पद्मावती पक्कं, वेल्हे पक्कं. संजीवनी कदाचित, तोरणा कदाचित. मधली धार शून्य. धारेवर कधीकधी एखाद्या झापाजवळ ताक-पाणी विकत मिळतं, पण ते देणारा माणूस त्या दिवशी लग्नाला गेला असेल तर? म्हणून तेही शून्य.

लातूरकराचा तांब्या

इथे माझ्या रूम-पार्टनरची ओळख करून द्यायला हवी. तो लातूरचा, फर्स्ट इयरला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं होतं, आठवतंय? पहिल्या गाडीत १० वॅगन आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. तेव्हा हा प्राथमिक शाळेत होता. घरात पाणी तांब्याने मोजून वापरायचे, अंघोळीला किती तांबे, भांड्यांना किती, हे त्याला अजून पाठ आहे. हॉस्टेलचा टँकर उशिरा आला की बाकी विंग शिव्या देते, हा मात्र बादलीवर आधीच झाकण ठेवून बसलेला असतो.

आम्ही "माणशी चार लिटर पुरेल" असं अंदाजपंचे म्हणत होतो. तो म्हणाला, "दादा, पुरेल कशावरून? कुठून कुठपर्यंत पुरेल?" आणि वही काढून बसला. मग खरं गणित सुरू झालं.

चालताना किती पाणी लागतं हे ऊन, चढ, ओझं आणि माणूस यांवर ठरतं. उन्हात चढ चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, काहींना त्याहून जास्त. आम्ही पहाटेच्या अंधारात तासाला ०.४ लिटर, सकाळी ०.६, भर उन्हात ०.९ आणि उतरताना ०.७ असं धरलं. माणशी हिशेब असा झाला:

गुंजवणे ते पद्मावती माची: अडीच तास, १ लिटर.
पद्मावती ते खिंड: साडेतीन तास, २.१ लिटर.
खिंड ते तोरणा: चार तास, ३.६ लिटर.
तोरणा ते वेल्हे: दोन तास, १.४ लिटर.

शिवाय माणशी १ लिटर राखीव. आज्ञापत्रातल्या टाक्यासारखं, हात न लावायचं.

आता खरी अडचण दिसली. पद्मावतीनंतर थेट वेल्ह्यापर्यंत पक्कं पाणी नाही. म्हणजे पद्मावतीहून निघताना २.१ अधिक ३.६ अधिक १.४ अधिक राखीव १, एकूण ८.१ लिटर प्रत्येकाच्या पाठीवर! एक लिटर म्हणजे एक किलो. डबा, टॉर्च, औषधं धरून दहा-अकरा किलो. एवढं ओझं घेऊन संजीवनीच्या उतारावर आणि अरुंद धारेवर चालायचं, म्हणजे वेग कमी, घाम जास्त, आणि पुन्हा पाणी जास्त. पाणी वाहायलाच पाणी लागतं, ही गंमत इथे कळते.

दोन जण म्हणाले, ट्रेक रद्द करू. दोन जण म्हणाले, चार लिटरमध्ये भागवू, गडी माणसं आहोत! लातूरकर एवढंच म्हणाला, "भागवू म्हणजे कुणाचं कमी करू?" त्यावर सगळे गप्प.

खिंडीतले कॅन

तोडगा नकाशातच होता. धारेच्या मध्यात डांबरी रस्ता आडवा जातो, मग पाणी रस्त्याने येऊ दे की! विंगमधले दोघे गुडघ्याच्या तक्रारीमुळे चालणार नव्हते, पण बाइकवर यायला एका पायावर तयार होते. मेसच्या मावशींकडून खाद्यतेलाचे ५ लिटरचे रिकामे कॅन मागून घेतले. गरम पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने तीनदा धुतले, तरी पाण्याला किंचित शेंगदाण्याचा वास राहिलाच, असो.

खिंडीत प्रत्येक जण राखीव लिटर शाबूत ठेवून पोचणार. पुढे तोरणा शून्य धरला तर ३.६ अधिक १.४, बरोबर ५ लिटर. नऊ माणसं, नऊ कॅन. एका बाइकवर पाच, दुसरीवर चार, पोत्यात घालून दोन्ही बाजूंना बांधलेले.

पाठीवरचं ओझं ८.१ वरून ३.१ लिटरवर आलं. खिंडीनंतर ते ६ लिटर होणार, पण त्यातलं अर्धा-पाऊण लिटर खिंडीतच सावकाश प्यायचं. पाण्याच्या जागी बसलेलं असताना पिऊन घेणं ही सगळ्यात स्वस्त वाहतूक आहे. मात्र एकदम ढसाढसा दोन लिटर पिऊन उपयोग नाही, पोट डचमळतं आणि शरीरालाही ते एकदम घेता येत नाही.

कॅन आदल्या दिवशी झुडपात लपवून ठेवावेत, अशी एक सूचना आली होती. ती आम्ही घेतली नाही. माकडं कॅन फोडतात, गुरं पाडतात, आणि एखाद्या तहानलेल्या वाटसरूने उघडला तर त्यालाही दोष देता येत नाही. पाण्याजवळ माणूस हवाच. शिवाय रिकामे कॅन परत नेणारंही कोणीतरी लागतं. राजगडाचा २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे. त्याच्या शेजारच्या धारेवर तेलाचे कॅन पडलेले बघायला कोणाला आवडेल?

आता सगळ्यात महत्त्वाचं. खिंडीसाठी दोन नियम कागदावर लिहिले आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. (हो, सह्या! सबमिशनची सवय.)

एक: खिंडीत बाइक नसतील तर पुढे जायचं नाही, रस्त्याने वेल्ह्याला उतरायचं. फोन लागला नाही तरी हाच नियम.
दोन: साडेअकराच्या आत सगळे खिंडीत पोचले नाहीत, किंवा कोणाला डोकेदुखी, मळमळ, पेटके असतील, तर त्या माणसाने पुढे जायचं नाही. चर्चा नाही, मतदान नाही.

असे नियम हॉस्टेलच्या खोलीत पंख्याखाली बसूनच करायचे असतात. डोंगरावर, दमलेलं असताना आणि समोर तोरणा दिसत असताना, माणूस स्वतःशी घासाघीस करायला लागतो.

प्रत्यक्ष दिवस

मांजरीहून हडपसर गाडीतळ, तिथून स्वारगेट आणि पुढे एसटी व जीप असं करत संध्याकाळी गुंजवण्यात पोचलो. गडावर मुक्काम ठेवला नाही, गावातच झोपलो. पहाटे साडेतीनला निघालो आणि चोर दरवाजाने सहाच्या सुमारास पद्मावती माचीवर पोचलो. काकांनी सांगितल्याइतक्याच पायऱ्या दिसत होत्या. पाणी भरलं, शुद्ध केलं, नाश्ता केला आणि पावणेसातला निघालो.

सव्वादहाला खिंडीत पोचलो तेव्हा दोघे बाइकवाले झाडाखाली पत्ते खेळत होते. त्यांना बघून झालेला आनंद कॅम्पस सिलेक्शनच्या यादीत नाव बघण्याएवढा होता.

तिथे दुसरा नियम कामाला आला. एकाच्या टाचेला मोठा फोड आला होता, तो स्वतःच म्हणाला की मी थांबतो. दुसरा फायनल इयरचा, ज्याच्यासाठी खरं तर हा ट्रेक ठरला होता. त्याचं डोकं दुखत होतं आणि लघवी गडद पिवळी होत होती. त्याने पाणी कमी प्यायलं होतं, का तर वाटेत सारखं थांबावं लागू नये म्हणून. "अर्धा तास बसतो, मग ठीक होईन," तो म्हणाला. कोणालाच त्याला नाही म्हणवेना. शेवटी लातूरकराने तो सह्यांचा कागद काढून त्याच्या हातात दिला. तो दोन मिनिटं कागदाकडे बघत बसला आणि मग बाइकवर मागे बसला. चार वर्षांत त्याला इतका गप्प मी कधी पाहिला नव्हता.

उरलेले सात जण तोरण्यावर अडीच वाजता पोचलो. मेंगाईच्या देवळाजवळच्या एका टाक्यात पाणी होतं, तळाशी, हिरवट. आम्ही ते धरलेलंच नव्हतं, त्यामुळे काही फरक पडला नाही. लातूरकराने प्रत्येकाच्या बाटल्या मोजल्या. खिंड ते तोरणा कोणाला तीन लिटर पुरलं होतं, तर एकाला साडेचार लागलं. म्हणजे त्याची राखीव बाटली उघडणार हे नक्की झालं. सरासरी बरोबर असली तरी सरासरी माणूस असा कोणी नसतो, राखीव लिटर त्यासाठीच.

सव्वापाचला वेल्ह्यात उतरलो तेव्हा फायनल इयरचा तो मित्र ताकाचे ग्लास घेऊन उभा होता. डोकेदुखी थांबली होती. तोरणा राहिला तो राहिलाच. पण डिसेंबरमध्ये सुट्टी काढून येतो म्हणालाय, आणि कागद त्याने स्वतःकडेच ठेवलाय.

टाक्याचं पाणी पिण्याआधी

पाणी आहे म्हणजे ते पिण्याजोगं आहे असं नाही. हे मांजरीकरांना वेगळं सांगायला नको, मुळा-मुठा आपल्या शेजारूनच वाहते. टाक्यातलं पाणी नितळ दिसलं तरी त्यात माकडं, पाखरं आणि माणसं यांची कृपा असू शकते.

आधी चार पदरी सुती कापडाने गाळून घ्या. फार गढूळ असेल तर तुरटी फिरवून गाळ बसू द्या, पण तुरटीने जंतू मरत नाहीत. मग उकळा किंवा क्लोरिनची गोळी टाका. खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे. तोरण्याच्या उंचीवर, म्हणजे सुमारे १४०० मीटरवर, पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, पण जंतू मरायला तेवढं बास आहे. गोळी टाकली तर पाकिटावर लिहिलेला वेळ, साधारण अर्धा तास, थांबा. थांबायचा कंटाळा येतो, म्हणून आम्ही नाश्त्याआधी गोळ्या टाकल्या आणि नाश्त्यानंतर पाणी प्यायलो.

आणि टाक्यात उतरू नका, हात-पाय धुऊ नका, साबण तर नाहीच. मागून येणाऱ्याच्या यादीत तुमच्यामुळे 'पक्कं'चं 'शून्य' होता कामा नये.

नुसतं पाणी पुरत नाही

घामातून मीठही जातं. तासन्‌तास फक्त साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम कमी होऊन गुंगी, उलट्या आणि गंभीर प्रसंगी झटकेही येऊ शकतात. म्हणून मध्येमध्ये खारे शेंगदाणे, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, चिवडा चालू ठेवा. जवळ ओआरएसची पाकिटं हवीतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरच्या पाकिटात मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५, सोडियम सायट्रेट २.९ आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. नावात ओआरएस असलेली गोड सरबतं वेगळी. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली आहे. पाकिटावरचं सूत्र वाचूनच घ्या.

कोणी बरळायला लागला, तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. पुरता शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि अशा वेळी राखीव पाणी प्यायला नसून अंगावर ओतायला लागतं, हेही हिशेबात असू द्या.

आणि दरीत जायचं असेल तर?

आमचा ट्रेक ऐकून सेकंड इयरच्या पोरांनी सांदण दरीचा बेत केलाय. अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळची ही दरी म्हणजे दोन उभ्या कातळभिंतींमधली चिंचोळी फट. तिथे गणित उलटं होतं. गडावर आधी चढ असतो, दमलात तर परतीला उतार. दरीत आधी उतार, सगळे हसतखेळत खाली जातात, आणि परतीचा चढ येतो तो ऊन वर आल्यावर, पाणी संपल्यावर. दोर लावून उतरलात तर त्याच वाटेने माघार घेणंही सोपं नसतं. तिथे वाटेत पाण्याचे डोह लागतात, पण त्यातून रोज माणसं चालत जातात, तेव्हा पिण्याच्या हिशेबात ते शून्य. आणि पावसात दरीत जायचंच नाही. वर कुठेतरी पडलेला पाऊस त्या फटीतूनच धावत येतो.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. उन्हाळ्यात तळाशी तापमान ४० अंशांच्या वर जातं, आणि साउथ कैबाबसारख्या नावाजलेल्या वाटेवर पिण्याचं पाणी मिळत नाही. २००४ च्या जुलैमध्ये तिथे २४ वर्षांची एक तरुणी पाण्यावाचून दगावली. वैद्यकीयची विद्यार्थिनी, त्याच वर्षी बोस्टन मॅरेथॉन धावलेली. वाट सुमारे ४३ किलोमीटरची आणि जवळ पाणी दीड लिटर. तिच्याहून फिट असं आपल्या कॉलेजात कोणी असेल का? तेव्हा "आपला स्टॅमिना आहे" या वाक्याने पाण्याचं गणित सुटत नाही.

नोटीस बोर्डासाठी

१. नकाशावर आधी पाणी मांडा, वाट नंतर.
२. याच आठवड्यात कोणी पाहिलेलं पाणी तेवढं पक्कं. 'कदाचित' म्हणजे शून्य.
३. दोन पक्क्या पाण्यांमधले तास मोजा. किलोमीटरवर जाऊ नका, तहान तासांवर लागते.
४. माणशी एक लिटर राखीव, शेवटच्या गावापर्यंत.
५. ओझं झेपत नसेल तर पाणी रस्त्याने आणा, दिवस बदला किंवा वाट लहान करा. पाणी कमी करू नका.
६. परत फिरायची जागा आणि वेळ हॉस्टेलमध्येच लिहून ठेवा. सह्या घ्या!

सेकंड इयरवाल्यांनी ६ नंबर नीट वाचावा. तेलाचे कॅन मेसमध्येच, भांड्यांच्या कपाटामागे ठेवलेत. नऊच्या नऊ. वापरून झाल्यावर धुऊन तिथेच ठेवा, मावशी मोजतात!